एक तारा देण्यापूर्वी

एकट्याने बसून काही घडवणाऱ्या माणसांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गणपतीच्या मूर्ती करणारा कारागीर, एकतारी घेऊन गावोगाव हिंडणारा भजनी, रात्र रात्र जागून वहीची पाने भरणारा लेखक, हे सगळे त्या परंपरेतले. या मंडळींत गेल्या काही वर्षांत एका नव्या माणसाची भर पडली आहे. त्याचे काम आपल्या घराघरांत रोज वापरले जाते आणि तरीही त्याची आपल्याला ओळख नाही. हा माणूस म्हणजे संगणकावरचे आणि मोबाइलवरचे खेळ एकट्याने बनवणारा.

आपली समजूत अशी की, असे खेळ परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीच्या दहा मजली इमारतीत शेकडो माणसे मिळून तयार करतात. पुष्कळसे खेळ तसेच तयार होतात, हे खरेही आहे. पण जगभर गाजलेले काही खेळ एकाच माणसाने, एका खोलीत बसून, चित्रांपासून संगीतापर्यंत सारे स्वतः करून बनवलेले आहेत. असा खेळ लोकांच्या हाती पडला की, त्या क्षणापासून या एकट्या माणसाचे लाखो लोकांशी एक विलक्षण नाते सुरू होते. कौतुक, तक्रार, मागणी, शिवी, सगळे थेट त्याच्यापर्यंत पोचते. मध्ये संपादक नाही, विक्रेता नाही, दारावर अडवणारा शिपाईसुद्धा नाही. या नात्याचे एक टोक आपल्या घरात आहे आणि ते आपण नीट धरलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात शेतीपासून करू. बाभुळगावात राहून दुसरीकडून सुरुवात करणे बरे दिसणार नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या परिसरात राहणारा एरिक बॅरोन हा तरुण २०११ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला आणि त्याला नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून त्याने एक छोटासा खेळ करायला घेतला. लहानपणी तो 'हार्वेस्ट मून' नावाचा शेतीचा जपानी खेळ खेळत असे, त्याच धर्तीवर. त्या 'छोट्याशा' खेळाला सुमारे साडेचार वर्षे लागली. मधल्या काळात पोटासाठी तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवण्याचे काम करी. खेळातली चित्रे त्याची, संगीत त्याचे, पात्रांचे संवाद त्याचे आणि हे सगळे चालवणारे गणितही त्याचेच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' या नावाने तो खेळ विक्रीला आला. २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

खेळाची गोष्ट साधी आहे. कचेरीतल्या नोकरीला कंटाळलेल्या माणसाला आजोबांचे जुने पत्र सापडते आणि तो त्यांच्या पडीक शेतावर राहायला जातो. तिथे २८ दिवसांचा एक असे चार ऋतू आहेत. ऋतू बदलला की उभे पीक वाळते, बुजगावणे लावले नाही तर कावळे पेरणी खातात. पीक कर्जाचे अर्ज तपासण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला ही शेती बघताना गंमत वाटते. पाऊस तिथे नुकसान करीत नाही, उलट पाणी घालण्याचे कष्ट वाचवतो. माल आला म्हणून भाव पडत नाहीत. सावकार नाही, बँक नाही, बोंडअळी नाही आणि कापूस तर नाहीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने हा खेळ खेळून अभिप्राय लिहायचा ठरवला, तर तो पहिल्याच ओळीत विचारील, 'बाबा रे, तू शेती कुठे पाहिलीस?' आणि तरी याच खेळाने जगातल्या कोट्यवधी थकल्या-भागल्या लोकांना संध्याकाळचा विसावा दिला, हेही नाकारता येत नाही. अभिप्राय देणारा आणि खेळ करणारा यांच्यातली गुंतागुंत इथेच सुरू होते. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात.

बॅरोनने लोकांचे ऐकले काय? ऐकले आणि ऐकले नाहीही. खेळ बाहेर पडल्यावर खेळणाऱ्यांनी चुका दाखवल्या आणि त्याने भराभर दुरुस्त्या केल्या. खेळातल्या नायकाला वा नायिकेला गावातल्या काही पात्रांशी लग्न करता येते. शेन आणि एमिली या दोन पात्रांचा त्या यादीत समावेश नव्हता. खेळणाऱ्यांचा जीव त्या दोघांवर जडला होता, म्हणून २०१६ च्याच सुधारित आवृत्तीत त्यांना यादीत घेतले. अनेकांना मित्रांबरोबर एकाच शेतावर राबायचे होते. ती सोय व्हायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला, पण झाली. उलट, खेळ अर्धवट असतानाच विकायचा आणि गिऱ्हाइकांच्या सूचना घेत पुढे बांधायचा अशी एक पद्धत या धंद्यात रूढ आहे. ती मात्र त्याने पत्करली नाही. घर बांधून झाल्यावरच पाहुणे बोलवायचे, हा त्याचा बाणा. पुढे २०२४ साली, आपण हयातीत या खेळाच्या नव्या भरीसाठी कधीही पैसे मागणार नाही, असे त्याने कुळाच्या नावाची शपथ घेऊन जाहीर केले. अमेरिकन माणसाने कुळाची शपथ घ्यावी, याचे आपल्याला नवल वाटेल. पण नफ्यातोट्याच्या भाषेत हे नाते मावत नाही, हेच त्या शपथेतून दिसते.

आता दुसरे टोक पाहा. व्हिएतनाममधल्या हनोई शहरातल्या दोंग न्युएन या तरुणाने २०१३ च्या मे महिन्यात 'फ्लॅपी बर्ड' नावाचा अगदी साधा खेळ सोडला. बोटाने टिचकी मारत राहायची आणि एका पाखराला नळ्यांमधून उडवत न्यायचे. सात-आठ महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. २०१४ च्या जानेवारीत मात्र तो जगभर असा पसरला की, जाहिरातींतून त्याला दिवसाला ५० हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. आणि फेब्रुवारीत या माणसाने जाहीर केले की, २२ तासांनी मी हा खेळ काढून घेणार आहे. त्याप्रमाणे त्याने तो काढूनही घेतला. दुभती गाय दावे सोडून हाकलून द्यावी तसे हे झाले.

त्याने असे का केले? त्याच्यावर नक्कल केल्याचे आरोप झाले, वर्तमानपत्रवाले दाराशी आले, त्याची झोप उडाली. पण त्याने स्वतः दिलेले कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. खेळाचे लोकांना व्यसन लागले होते. या खेळापायी माझे काम गेले, मी मुलांशी बोलेनाशी झाले, असे सांगणारी पत्रे त्याच्यापर्यंत येत होती. शिव्यांनी माणूस चिडतो, पण अशा पत्रांनी तो आतून हलतो. मोठ्या कंपनीत असे पत्र एका विभागातून दुसऱ्या विभागात जाते आणि कुठल्या तरी फायलीत विसावते. एकट्या माणसाकडे दुसरा विभागच नसतो. पत्र येते ते सरळ उशाशी.

मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे अभिप्राय या वस्तूशी माझा थोडाफार परिचय आहे. पण लेखकाला जे संरक्षण असते ते या खेळवाल्यांना नाही. आमचे पुस्तक छापून येते, वाचक ते सावकाश वाचतो, मग कधी तरी पोस्टकार्ड टाकतो. ते हाती येईपर्यंत दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि राग, लोभ दोन्ही निवलेले असतात. शिवाय कोणी कितीही सांगितले तरी छापलेल्या कादंबरीचा शेवट बदलता येत नाही. ही मोठी सुटका असते. क्रमशः लिहिणाऱ्यांना ती नव्हती. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला दरीत ढकलले आणि वाचकांच्या मागणीपुढे दहा वर्षांनी त्याला जिवंत परत आणावे लागले. आजचा खेळ बनवणारा कायमच क्रमशः लिहीत असतो. खेळ विकला गेला तरी तो बदलता येतो, आणि बदलता येतो म्हणून तो बदलावा ही मागणी कधीच थांबत नाही.

मग अशा तक्रारींचे करायचे काय? इथे मला बँकेतली खिडकी आठवते. व्याज जास्त लावले, अशी तक्रार घेऊन माणसे येत. हिशेब तपासला तर तो बहुतेक वेळा बरोबर निघे. पण म्हणून तक्रार खोटी नव्हती. कर्ज देताना व्याज कसे चढेल हे त्या माणसाला कोणी समजावून सांगितलेलेच नसे. दुखणे खरे, त्याचे सांगितलेले कारण चुकीचे. तक्रारीचे शब्द घेऊन चालणारा अधिकारी आकडेमोड दाखवून मोकळा होई आणि तो माणूस पुन्हा पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन येई.

खेळांच्या जगात याचा नमुना आपल्या घरातच आहे. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. आजी-आजोबा, सुना, नातवंडे, गावाकडचे आणि शहरातले, सगळे त्या पटावर भेटले. आणि घराघरांतून एकच ओरड ऐकू आली: 'हा फासा लबाड आहे, मला मुद्दाम सहा देत नाही.' 'सिव्हिलायझेशन' या प्रसिद्ध खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली एका भाषणात यासारखाच अनुभव सांगितला होता. लढाईत खेळणाऱ्याचे बळ तिप्पट असले आणि तरी तो हरला, तर त्याला फसवल्यासारखे वाटे. वास्तविक तिप्पट बळ म्हणजे चारांत एकदा हरणारच. पण तेच बळ उलटे असून तो जिंकला, तर मात्र त्याला त्यात काही गैर वाटत नसे! अखेर मायर यांनी गणितच थोडे खेळणाऱ्याच्या बाजूने झुकवले. म्हणजे फासा लबाड असल्याची तक्रार मिटवण्यासाठी फासा खरोखरच थोडा लबाड करावा लागला.

यावरून मी एक सूत्र काढले आहे. दुखते कुठे हे खेळणारा सांगतो आणि ते ऐकलेच पाहिजे. औषध कोणते द्यायचे, हे मात्र ज्याने खेळ घडवला त्यानेच ठरवायचे. दोन्ही हक्क एकाच्याच हाती गेले की घोटाळा होतो. सगळ्यांच्या सगळ्या सूचना मानल्या तर बापलेकांनी गाढव खांद्यावर घेतल्याच्या गोष्टीसारखी गत होते. आणि कोणाचेच ऐकले नाही तर काय होते, ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या माणसाला सांगायला नको. ऐकून न घेतल्याची किंमत आमच्या जिल्ह्याने इतकी मोजली आहे की, त्यावर मी अधिक लिहीत नाही.

दुसरी एक गोष्ट बँकेच्या तक्रारवहीने मला शिकवली. वहीत लिहिणारे नेहमी तेच ते असत. पेनाला दोरी का बांधली, पंखा का बंद आहे. एक वयस्क शेतकरी मात्र तीन दिवस येऊन बाकावर बसे आणि दुपारी उठून जाई. त्याने वहीत काही लिहिले नाही. आमच्या शिपायाच्या ध्यानात आले की, त्याला अर्ज भरता येत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो. खरी तक्रार त्या बाकावर होती, वहीत नव्हती. खेळ बनवणाऱ्यालाही हेच ओळखावे लागते. जे लिहितात ते थोडे. न लिहिता मुकाट्याने खेळ बंद करून निघून जाणारे कितीतरी अधिक. मोठ्याने ओरडणाऱ्यांच्या सोयीने खेळ बदलत गेले, तर बाकावरचा माणूस कायमचा उठून जातो.

खेळणाऱ्याच्या हातात किती मोठी सत्ता आली आहे, याचे एक उदाहरण सांगतो. संगणकावरचे खेळ विकणारे 'स्टीम' नावाचे मोठे दुकान आहे. खेळ घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत, असा त्यांचा २०१५ पासूनचा नियम. ग्राहकाच्या दृष्टीने नियम रास्त आहे. २०२१ साली 'समर ऑफ फिफ्टी एट' हा भयकथेचा खेळ करणाऱ्या एकट्या कारागिराने जाहीर केले की, मी हा धंदा अनिश्चित काळासाठी सोडतो आहे. त्याचा खेळ दोन तासांच्या आतच संपणारा होता. लोकांनी तो पूर्ण खेळला, अनेकांनी चांगला असे लिहिलेही, आणि पैसे परत घेतले. थाळी चाटूनपुसून जेवायचे, वाढप्याची पाठ थोपटायची आणि गल्ल्यावर जाऊन पैसे परत मागायचे, असा हा प्रकार. कायद्यात बसतो, रीतीत बसत नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी परदेशची उदाहरणे. तर आपल्या पुण्याकडे वळू. तिथल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्याशा चमूने 'राजी' हा खेळ केला. हा एकट्याचा उद्योग नव्हे, पण मूठभर माणसांचाच. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतीवरची चित्रे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती पुरी जमली नाही. तरीही टिकून राहून २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी खेळ जगासमोर आणला. चित्रांची वाहवा झाली. लढाईतल्या हालचाली अवघडलेल्या वाटतात आणि गोष्ट अचानक तुटते, अशा तक्रारीही झाल्या. भारतीय गोष्ट आणि पात्रे बोलतात इंग्रजी, हेही अनेकांना खटकले. पुढच्या सुधारित आवृत्तीत लढाईच्या हालचाली नीट केल्या गेल्या आणि हिंदी आवाजही आले. जिथे दुखत होते तिथे हात लावला. राजी मात्र राजीच राहिली. अभिप्राय कसा पचवावा, याचा हा घरचा धडा आहे.

आता आपल्या घरातल्या टोकाकडे येतो. शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याकडे बसून मोबाइलवर खेळत असतो. एकदा तो वैतागून म्हणाला, "लय बेकार गेम हाय आबाजी, एकच स्टार देल्ला म्या." विचारले, कोणी बनवला आहे? "कोणी म्हंजे? कंपनी असन." आम्ही दोघांनी मिळून पाहिले, तर खाली एकाच माणसाचे नाव आणि पत्ता. मी म्हटले, एक तारा दिलास त्यातून त्याला काय कळले? मग आमच्या वाटाघाटी होऊन त्याने तीन वाक्ये लिहिली. तिसऱ्या टप्प्यावर मरायला होते, उडी कमी पडते, फोन जुना आहे. चार दिवसांनी त्या माणसाचे उत्तर आले. फोनचा दोष नाही, तो टप्पा मुद्दामच कठीण ठेवला आहे, डाव्या भिंतीवर क्षणभर थांबून उडी मार. पोराने एकाचे तीन तारे केले. पाच का नाही, असे विचारल्यावर म्हणाला, "मरतो तं अजूनही ना!"

मला त्याचा हिशेब पटला. त्याने खुशामत केली नाही आणि त्या माणसाने हट्ट पुरवला नाही. पण दोघांना एकमेकांचे अस्तित्व कळले. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर भाजी खारट झाली तर ती कशी सांगायची, हे आपण मुलांना शिकवतोच. भाजी भिरकावायची नसते, 'मीठ थोडे जास्त झाले काकू' असे म्हणायचे असते. मोबाइलवर तारे वाटण्याचा हक्क आपण त्याच मुलांच्या हाती दिला, पण ही रीत सोबत दिली नाही. पलीकडे माणूस दिसत नाही म्हणून तो नाही, असे मुलांनी धरून चालावे, यात दोष मुलांचा नाही.

आणि हे केवळ परक्यांच्या भल्यासाठी सांगत नाही. संगणक शिकलेली पोरे आता तालुक्याच्या गावांतूनही आहेत. पुण्या-मुंबईची नोकरी मिळाली नाही म्हणून, किंवा मिळूनही मन रमले नाही म्हणून, उद्या त्यांतले कोणी आपल्या वाड्यात बसून एकट्यानेच एखादा खेळ बनवील. कदाचित त्या खेळात कापूस असेल, बोंडअळी असेल, भावही पडत असतील. त्याला भांडवल मिळेल की नाही हे माझ्या हातात नाही. पण खेळ बाहेर पडल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याला जे ऐकावे लागेल ते आपल्याच घरांतून जाणार आहे. त्याने ते सारे ऐकावे, थोडे मानावे आणि रात्री मोबाइल लांब ठेवून झोपावे. आणि आपण लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे की, आपली ओळ वाचायला तिथे एकच माणूस बसलेला आहे.